आधी खोड सांगणारी विजयमाला

संघप्रिया त्या दिवशी फोन न करता आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे विजयमालाला कळलं. गंगाखेडहून सोनपेठची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा खात थडीबोरगावपर्यंत चालत यायचं, असला खटाटोप संघप्रिया एरवी करत नसे. तिचं सगळं काम फोनवरच चाले.

विजयमाला शेळ्यांच्या वाड्यात धारा काढत होती. संघप्रिया दारातच थांबली.

"ताई, सकाळपासून फोन बघितला का?"

"न्हाई बाई. चार्जिंगला लावलाय. कामून?"

"आपलं पान बंद केलंय. कालपासून. काहीच उघडना गेलंय."

विजयमालानं तांब्या खाली ठेवला. पान म्हणजे ॲपवरची त्यांची जागा. तिथं त्यांच्या शेळ्यांचे व्हिडिओ लागत, तिथूनच गिऱ्हाईक येई, तिथूनच बोलणं होई आणि सौदा ठरे. जनावरांची खरेदी-विक्री करणाऱ्या त्या ॲपचं नाव इथं घेत नाही. एवढंच सांगतो, की ज्याच्या दारात चार शेळ्या आहेत त्याच्या फोनमध्ये ते असतंच.

या धंद्याची सुरुवात कोरोनाच्या वर्षी झाली. बाजार बंद होते आणि विजयमालाच्या दावणीला विकायची जनावरं उभी होती. घर धनगराचं. नवरा आसाराम दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तेलंगणाच्या बाजूला जायचा तो गुढीपाडव्यापर्यंत परत येत नसे. घरची दावण सासू छबूबाई आणि विजयमाला सांभाळायच्या. सोनपेठच्या बाजारात शेळी विकायची म्हणजे हेड्याच्या, जनावरांच्या दलालाच्या, हातात द्यायची. तो रुमालाखाली बोटं धरून दुसऱ्या हेड्याशी भाव करायचा. जिची शेळी असायची ती बाई बाजूला पदर सावरत उभी राहायची, आणि तिला शेवटी कळायचं की आपली शेळी गेली. विजयमालाला या रुमालाची फार चीड होती.

संघप्रियाचं तेव्हा गंगाखेडला ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान होतं. विजयमाला लेकीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला गेली होती. बोलता बोलता शेळ्यांचा विषय निघाला आणि पुढच्या रविवारी संघप्रियानं येऊन पहिला व्हिडिओ काढला. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं हे विजयमालाला ठाऊक नव्हतं. शेजारणीला सांगावं तसं ती बोलली, "ही शेळी दिसायला झ्याक हाय, दोन करडं देती. पन हिला दुसऱ्याच्या पिकात तोंड घालायची खोड हाय. दावं पक्कं नसंल तर हिला नेऊ नका, रोज भांडण येईल घरी."

लोक हसले. हजारो लोकांनी तो व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्याच दिवशी शेळी गेली. तेव्हापासून आधी खोड सांगायची आणि मग किंमत, ही तिची रीत पडली. कुणाचं एक थान बारीक आहे, कुणी बोकडाला जवळ येऊ देत नाही, कुणाचं वय दातांवरून दिसतं त्याहून जास्त आहे, ती सगळं सांगायची. आजूबाजूच्या गावांतल्या बाया आपल्या शेळ्या तिच्याकडे आणून बांधू लागल्या.

तिघांचा मेळ जमला. विजयमाला शेळी पारखायची आणि बोलायची. संघप्रिया व्हिडिओ, गिऱ्हाईक, ॲपचे व्यवहार बघायची. आणि विजयमालाचा धाकटा दीर भारत पिकअपमधून माल पोचवायचा. धंदा एवढा चालला की संघप्रियानं दुकानाला कुलूप लावलं. भारत आणि त्याची बायको सालोसाल कारखान्यावर ऊस तोडायला जायचे, त्यांनी कोयता सोडला. त्या साली पहिल्यांदा भारतची लेकरं पूर्ण वर्ष एकाच शाळेत बसली.

एकच गोष्ट संघप्रियाला पहिल्यापासून खुपायची. ॲप गिऱ्हाईक देई, पण गिऱ्हाइकाचा नंबर देत नसे. फोन लावला तरी तो कंपनीच्या नंबरावरून फिरून जायचा. पाच वर्षांत शेकडो शेळ्या विकल्या, आणि त्या कुणाच्या दावणीला आहेत हे फक्त कंपनीला माहीत.

"ताई, घर आपलं हाय पन जागा त्यांची हाय," ती म्हणायची.

"बाजाराची जागा तरी कुटं आपली व्हती?" विजयमाला म्हणायची आणि विषय संपायचा.

आता मात्र संघप्रियानं आपल्या फोनवर एक व्हिडिओ लावून पुढं धरला. अहमदपूरच्या अलीकडच्या एका गावातल्या दत्तराव नावाच्या माणसानं तो टाकला होता. आठवड्यापूर्वी त्यानं त्यांच्याकडून दहा शेळ्या घेतल्या होत्या. व्हिडिओत शेळ्या माना टाकून उभ्या होत्या. नाकाला घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, मागची बाजू जुलाबानं भरलेली. दोन आडव्या पडलेल्या. दत्तराव ओरडत नव्हता. तो एवढंच म्हणत होता, "खोड सांगून विकनाऱ्या बाईनं ही खोड सांगितली न्हाई."

"यांनी तक्रार केली म्हणून पान बंद झालं," संघप्रिया म्हणाली. "पन ताई, आपन उत्तर देऊ शकतो. गाडीत हाल झाले, त्यांनी थंडीत उघड्यावर बांधल्या, कायबी व्हऊ शकतं. मी लिहून ठेवलंय..."

"थांब. परत लाव."

विजयमालानं व्हिडिओ परत बघितला. मग तिसऱ्यांदा. आडव्या पडलेल्या शेळ्यांतल्या एकीवर तिनं बोट ठेवलं. तिच्या काळ्या अंगावर पांढरा पट्टा होता आणि कान मधोमध फाटलेला होता.

"ही आपली न्हाई."

"म्हंजे?"

"मी हिला कधी बांधलीच न्हाई. आन ही शेजारची बी न्हाई."

माल भरला त्या दिवशी विजयमाला पिंगळीला माहेरी होती. भावजय बाळंत झाली होती म्हणून दोन दिवस गेली होती. गाडी भारतनं भरली होती.

भारत वाड्यामागं पिकअप धूत होता. विजयमाला लग्न होऊन आली तेव्हा तो चौथीत होता. त्याच्या डोक्याला तेल लावून तिनं त्याला शाळेत धाडलं होतं, म्हणून ती त्याला अरेतुरे करायची. तो मात्र तिला वैनी आणि तुमी म्हणायचा.

"भारत, फाटक्या कानाची कुटली?"

त्यानं पाइप तसाच हातात धरला. पाणी त्याच्या पायांवर पडत राहिलं.

"कोणती?"

"मला दोनदा विचारायला लावू नगंस."

 तो नळ बंद करून म्हणाला, "सोनपेठच्या बाजारातून आणल्या. दोन."

"कामून?"

"तुमी जाताना दोन शेळ्या ठसकायल्यात म्हणून बाजूला काढल्या. सौदा दहाचा व्हता. आठच गेल्या असत्या तर ॲपवर आपल्या पानाचे तारे पडले असते, वैनी. मागच्या खेपी एक कमी गेली तर महिनाभर आपलं पान कुनाला दिसलं न्हाई. तवा तुमीच म्हनलाव, असंच चाललं तर पुढल्या साली भारतला परत कोयता धरावा लागंल. मी ते इसरलो न्हाई."

विजयमाला तसं म्हणाली होती, सहज, चूल फुंकता फुंकता. तिला ते आठवलं आणि रागाची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली.

"बाजारातून आणल्या त्या रात्री कुटं बांधल्या?"

"इथंच. वाड्यात."

नव्या जनावराला दहा दिवस वेगळं बांधायचं, लस द्यायची, ताप बघायचा आणि मगच वाड्यात घ्यायचं, हा तिचा नियम होता. त्यासाठी गावाबाहेर वेगळं छप्पर घातलेलं होतं. ज्या दावणीला त्या दोन शेळ्या एक रात्र उभ्या होत्या, तिथूनच दुसऱ्या दिवशी आणखी दोन गिऱ्हाइकांचा माल गेला होता. आणि घरचा कळप तर तिथंच होता.

ती पळत वाड्यात गेली. छबूबाई एका शेळीजवळ बसून तिच्या तोंडाला भाकरीचा तुकडा लावत होत्या. "खाईना गेलीय गं ही," त्या म्हणाल्या. शेळीचा कान विजयमालानं हातात धरला. तो तापला होता.

सोनपेठच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुपारी आले. त्यांनी शेळीचा ओठ उलटून हिरड्या बघितल्या, दत्तरावचा व्हिडिओ बघितला आणि पिशवीतून नळ्या काढून नमुने घेतले.

"अहवाल यायला वेळ लागेल," ते म्हणाले. "पण मला विचाराल तर हा शेळ्यांचा प्लेग आहे. झालेल्याला औषध नाही, फक्त आधार देता येतो. न झालेल्याला लस देता येते. आजारी आहेत त्या आजच्या आज वेगळ्या करा. आणि ज्यांच्याकडं या वाड्यातून माल गेला त्यांना आत्ता कळवा. शेजारच्या कळपात गेल्या तर गाव उजाड होईल."

कळवा म्हणणं सोपं होतं. राणीसावरगावच्या पुढं चार शेळ्या गेल्या होत्या, राजेश्री नावाच्या एका नवीन लग्नाच्या पोरीकडं. तिचं घर भारतनं बघितलेलं होतं. पण तिसरं गिऱ्हाईक माल न्यायला स्वतः आलं होतं. एक पोरगा गंगाखेडला स्टेशनच्या रस्त्यावर टेम्पो लावून उभा होता. भारतनं दोन शेळ्या चढवून दिल्या आणि तो गेला. ॲपवर नाव होतं, "जय किसान शेळीपालन".

"मी बोलले व्हते तिच्याशी," विजयमाला म्हणाली. "म्हातारी बाई व्हती. पार्वतीबाई म्हनली. पयल्यांदाच शेळ्या घ्यायली म्हनली. गाव पिंपळगाव."

"कोणतं पिंपळगाव?" डॉक्टरांनी विचारलं. आपल्याकडं दर तालुक्यात दोन-तीन पिंपळगावं आहेत.

पत्ता कंपनीकडं होता. संघप्रिया तिथंच ओट्यावर बसून कंपनीला लिहू लागली. उत्तर लगेच यायचं, पण ते माणसाचं नसायचं. "तुमची तक्रार नोंदवली आहे. तुमच्या खात्याची चौकशी चालू आहे." तिनं मदतीच्या नंबरावर फोन लावला. गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली, मग तिनं दुसऱ्याकडं दिला. दुसरा म्हणाला की गिऱ्हाइकाची माहिती विक्रेत्याला देता येत नाही, आणि ज्याचं खातं बंद आहे त्याला तर नाहीच.

"अहो, जनावरं मरतील तिथं. तुमी तरी त्यांना फोन करा," संघप्रिया म्हणाली.

"मॅडम, मी वरती कळवतो."

"कधी?"

"चौकशी संपली की."

फोन ठेवून संघप्रिया विजयमालाकडं बघत राहिली. बोलावं की न बोलावं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"एक रस्ता हाय," शेवटी ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या नावाचं खातं हाय दुसरीकडं. तिथं व्हिडिओ टाकू. तुमचं तोंड लोक ओळखतेत. पुढं पुढं जाईल, कुनीतरी पिंपळगावचा बघंल. पन त्यात खरं काय ते सांगावं लागंल. आन कंपनीचा नियम मला तोंडपाठ हाय, ताई. ज्यानं आजारी माल पाठवला असं सिद्ध झालं त्याचं पान कायमचं जातं. आपन आपल्या तोंडानं सांगितलं तर सिद्ध करायचं काय राहिलं?"

"वैनी, नका," भारत म्हणाला. "मी जातो ना. एकेक पिंपळगाव धुंडतो. गाडी हाय, मी हाय."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे."

"आन तवर त्या दोन शेळ्या गावच्या खांडात, सगळ्यांच्या शेळ्यांत चरायच्या?"

"मग पाच वर्षं केलं ते सगळं पान्यात घालायचं का? माझी लेकरं..." त्यानं छातीवर हात ठेवला. "चूक माझी हाय ना? मग माझं नाव घ्या. तुमचं कामून घालवायलाव?"

"शेळी माझ्या नावावर इकली, भारत. तुझ्या न्हाई."

छबूबाई आजारी शेळीजवळून उठल्या नव्हत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "भांडत बसू नका. जनावर काय पान बघून मरत न्हाई."

विजयमाला आत गेली, तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि आजारी शेळीजवळ येऊन उभी राहिली. संघप्रियानं फोन समोर धरला. तिचंही दुकान बंदच होतं. त्या व्हिडिओनं तिचीही भाकरी जाणार होती, हे विजयमालाला कळत होतं.

"तुला नको वाटत असंल तर सांग," ती म्हणाली.

संघप्रियानं मान हलवली. "एकदाच बोला. मी परत घेनार न्हाई."

विजयमाला बोलली. आपल्या वाड्यातून रोग गेला, नियम मोडून बाजारातली जनावरं मालात घातली गेली, दत्तराव खोटं बोलत नाहीत, हे तिनं आधी सांगितलं. कुणी घातली ते सांगितलं नाही. "आमच्या घरानं घातली," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पार्वतीबाई, तुमी पिंपळगावच्या. तुमच्या दोन शेळ्या कळपातून आत्ता बाहेर काढा. ज्या कुनाला पार्वतीबाई माहीत हायेत, त्यांनी पळत जाऊन सांगा. मला शिव्या नंतर द्या."

शिव्या लोकांनी थांबून दिल्या नाहीत. व्हिडिओखाली त्या तासाभरात सुरू झाल्या. पाच वर्षांत शेळ्या विकत घेतलेल्यांनी विचारायला सुरुवात केली की आमच्या बी अशाच दिल्या का. ज्या हेड्यांचा माल तिच्यामुळं अडला होता, त्यांनी तो व्हिडिओ गावोगाव फिरवला. एका परीनं त्यांचेच उपकार झाले, कारण तो पोचला.

भारत तेवढ्यात राणीसावरगावकडं गेला होता. तिथल्या पोरीनं शेळ्या घराच्या मागं एकट्याच बांधल्या होत्या. कळप असा तिच्याकडं नव्हताच. चारातली एक तापली होती. भारतनं तिथूनच फोन केला, "इथं आटोक्यात हाय, वैनी." 

पिंपळगावचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तोही पुण्याहून. तिथं नोकरीला असलेला एक माणूस बोलत होता. "तुमी जिला शोधायलात ती माझी चुलती हाय. माझ्या पुतन्यानं त्याच्या फोनवरून घेतल्या शेळ्या. आमचं पिंपळगाव जिंतूर तालुक्यातलं. मी गावात फोन लावायलो, पुतन्या टेम्पो घेऊन बाहेर हाय, उचलना गेलाय."

विजयमाला आणि भारत निघाले. परभणी ओलांडून जिंतूरच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मध्येच भारतनं विचारलं, "दादाला सांगितलं का?" ती म्हणाली, "रेंजमधी आल्यावर सांगते."

पार्वतीबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. एक शेळी अंगणात होती. ती उभी होती पण तिच्या नाकाला पाणी सुटलं होतं. पार्वतीबाई तिच्या अंगावर पोतं पांघरत होत्या.

"दुसरी कुटं हाय, मावशी?" विजयमालानं विचारलं.

"खांडात गेली चरायला. कोन तुमी?"

आवाज ऐकून पार्वतीबाईंनी तिला ओळखलं. त्यांचा चेहरा फुलला. "अगं बया, तू व्हय? व्हिडिओवाली? ये ना, बस!" त्यांनी पोतं टाकून चहाला पाणी ठेवायला घेतलं. विजयमालानं त्यांचा हात धरला आणि तिथंच, चुलीजवळ, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला दिसलं की बाईचा हात आपल्या हातातून हळूहळू सुटत चाललाय.

गावचं खांड माळावर होतं. गुराख्यानं सगळ्या घरांच्या शेळ्या एकत्र हाकलल्या होत्या. भारत पळतच माळावर गेला. तो दुसरी शेळी खांद्यावर घालून खाली येईपर्यंत पार्वतीबाईंच्या दारात अर्धं गाव जमलं होतं.

"हितं यायची हिंमत कशी झाली?" एक म्हातारा म्हणाला. "गावात रोग घालून वर तोंड दाखवाया आलीस?"

"फोनवर सांगता आलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं, बाबा. मला गाव बी ठाऊक नव्हतं."

"आता काय करनार तू?"

"डॉक्टरला फोन केलाय. तुमच्या दवाखान्यातून लस यायली. लस टोचून व्हईपर्यंत मी इथनं जानार न्हाई."

कुणीतरी म्हणालं, हाकला यांना. कुणीतरी म्हणालं, गाडी ठेवून घ्या. भारत तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "बाजारातल्या शेळ्या मी घातल्या. मी भारत. वैनी घरी नव्हत्या. गाडी ठेवायची तर ठेवा." त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली.

ती किल्ली कुणी उचलली नाही. थोड्या वेळानं बाया आपापल्या शेळ्या ओळखून वेगळ्या करू लागल्या. म्हाताऱ्यानंच मग सांगितलं की ज्यांच्या तापल्यात त्या शाळेमागच्या पडीक जागेत न्या.

लसीची माणसं दुसऱ्या दिवशी आली. विजयमाला आणि भारत एकेक शेळी पायात धरून पुढं करत होते. पार्वतीबाईंच्या दोन्ही शेळ्या गेल्या. गावातल्या काही करडांनाही तो रोग घेऊन गेला. पण खांड वाचलं. निघताना पार्वतीबाई दारापर्यंत आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "जा सावकाश."

तिथून ते थेट दत्तरावकडं गेले. विजयमालाला वाटलं होतं, तो अंगावर येईल. त्यानं दोघांना घरामागं नेलं. चुना टाकलेला एक मोठा खड्डा बुजवलेला होता. दहातल्या सात गेल्या होत्या, आणि घरच्या आधीच्या तीन. भारत खड्ड्याकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाजारातल्या मी घातल्या व्हत्या, मालक." दत्तरावनं नुसतं "हूं" केलं.

"तुमच्या शेळ्या आमी भरून देऊ," विजयमाला म्हणाली. "शेळीला शेळी. पन आज न्हाई. आमचा वाडा सध्या रोगाचा हाय. निर्धोक झाला की देऊ. पैसेच पायजे असले तर तसं सांगा."

दत्तरावनं खड्ड्यावरची माती पायानं सारखी केली. मग म्हणाला, "मी तो व्हिडिओ काढून टाकू का?"

"कामून? त्यात खोटं काय हाय?"

घरच्या वाड्यात अकरा जनावरं गेली. छबूबाईंनी भाकरी चारलेली शेळी सगळ्यात शेवटी गेली. त्या दिवशी आसारामचा फोन लागला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेंढराला लस दिलीय मी. तू जेवलीस का?" तेवढ्यावर विजयमालाला रडू आलं.

कंपनीचा निर्णय पंधरवड्यानं आला. पान कायमचं बंद. पार्वतीबाईंना कळवलं की नाही, याचं उत्तर कधीच आलं नाही.

तो उन्हाळा वाईट गेला. संघप्रियानं गंगाखेडचं दुकान परत उघडलं, पण पूर्वीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली होती. भारतनं ऊसतोडीच्या मुकादमाला जबान दिली आणि हंगामाची आगाऊ उचल घ्यायला गेला. उंबऱ्यातून तो परत फिरला, असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, "आधी दत्तरावच्या शेळ्या भरू. मग बघू." गावाबाहेरच्या छपराला त्यानं जाळी बसवली, दाराला दुहेरी फाटक केलं आणि आत जायच्या आधी पाय धुवायला चुन्याच्या पाण्याची पाटी ठेवली. छबूबाईंनाही तो पाय धुतल्याशिवाय आत सोडेना.

दिवाळीच्या आधी दत्तरावची शेवटची शेळी भरून दिली. पार्वतीबाईंना दोन गाभण शेळ्या नेऊन दिल्या. त्यांनी घेतल्या, चहा दिला, आणि भारतला घरच्या पोराला द्यावा तसा दम देऊन म्हणाल्या, "बाजारातल्या न्हाईत ना?"

धंदा मधल्या काळात हळूहळू फोनवरून फिरू लागला. व्हिडिओ बघून घाबरलेले लोक जसे होते, तसे तो बघूनच फोन करणारेही निघाले. "ज्या बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं तिच्याकडूनच घ्यायची," असं लातूरकडचा एक जण म्हणाला. आता गिऱ्हाईक आपला नंबर देई आणि तो संघप्रियाकडं राही. पण नवीन माणूस फार येत नसे. ओळखीतून ओळख निघायची, तेवढीच. तिघांचं भागायचं. शिल्लक मात्र ॲपवर होती तशी राहत नव्हती.

मागच्या महिन्यात संघप्रियाला एक फोन आला. त्याच कंपनीतून. महिला विक्रेत्यांसाठी नवी योजना आहे, पहिले सहा महिने काही द्यावं लागणार नाही, तुम्ही शेळीपालनात आहात ना, असं एक मुलगी गोड आवाजात विचारत होती. जुन्या खात्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. संघप्रियानं फोन स्पीकरवर टाकला.

"गिऱ्हाइकाचा नंबर मिळंल का?" विजयमालानं विचारलं.

"नाही मॅडम, ते आमच्या धोरणात बसत नाही."

"आन गाडीत एक जनावर कमी आलं तर?"

"त्याचा रेटिंगवर थोडा परिणाम होतो."

फोन ठेवल्यावर तिघं वाड्यात बसले. भारत म्हणाला, नको. संघप्रिया म्हणाली, लोक तर तिथंच हायेत, ताई. विजयमाला करडांकडं बघत होती.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या नावानं घे. पयल्या व्हिडिओत मागचं सगळं सांगू. त्यावर बंद केलं तर केलं. आन शेळी जाईल ती गळ्यात पट्टा घालून जाईल. पट्ट्यावर आपला नंबर. रंगानं, मोठ्या अक्षरात."

"ते नियमात बसत न्हाई," संघप्रिया म्हणाली.

"शेळीच्या गळ्यात काय बांधायचं ते बी त्यांना इचारायचं का?"

पहिल्या व्हिडिओत विजयमालानं मागचं सगळं सांगितलं आणि पहिले पट्टे भारतच्या बायकोनं शिवले. पहिली खेप मागच्या आठवड्यात सेलूकडं गेली. आठाचा सौदा होता, एक शेळी ठसकत होती म्हणून सातच गेल्या. तारे पडले. पट्ट्यांबद्दल कंपनीनं अजून तरी काही विचारलेलं नाही. फोन वाजला की संघप्रियाचा हात मात्र क्षणभर जागीच थांबतो.